शिपायाचा अर्ज आणि तुझं एम.ए.

अलीगंज, लखनौ

चि. बाळ यास,


शिपायाच्या जागेसाठी अर्ज करतोयस म्हणून दादाने घर डोक्यावर घेतलं, आणि तू मला विचारतोस, "आत्या, एम.ए. झालोय हे लपवू का?"

आधी दादाचं बघू. त्याला सांग, लखनौत याला कोणी हसत नाही. २०१५ मध्ये इथल्या सचिवालयात शिपायांच्या ३६८ जागा निघाल्या. अट एवढीच, पाचवी पास आणि सायकल यायला हवी. अर्ज आले २३ लाख! त्यात २५५ जण पीएच.डी. रोज २,००० मुलाखती घेतल्या तरी चार वर्षं पुरायची नाहीत, असं अधिकारीच म्हणाले. (२०११च्या जनगणनेत अख्ख्या शहराची वस्ती २८ लाख होती.) आणि हे यूपीतच चालतं असं दादाने समजू नये. २०१६ मध्ये एमपीएससीने हमालाच्या ५ जागा काढल्या, चौथी पासवाल्यांसाठी. त्यालाही अडीचशेवर पदव्युत्तर रांगेत होतेच.

२०१८ मध्ये इथे पोलीस खात्यात निरोप्यांच्या ६२ जागा होत्या, अर्ज ९३ हजार, पीएच.डी.वाले ३,७००. सायकल येते हे तेव्हा उमेदवाराने स्वतःच लिहून द्यायचं होतं. आमच्या वरच्या खोलीत गोंडा जिल्ह्यातला एक मुलगा राहायचा, एम.एस्सी., बी.एड. अर्ज भरायच्या आधी एका संध्याकाळी खाली आला, ह्यांची सायकल मागून घेतली आणि गल्लीत चक्कर मारून आला. म्हणाला, "आंटी, खोटं कशाला लिहून द्यायचं?" मला हसू आलं, त्याला नाही.

ही मुलं वेडी नाहीत रे. सातव्या वेतन आयोगात अगदी खालच्या पायरीलाही मूळ पगार १८,००० आहे, वर महागाई भत्ता. हाच मुलगा खासगी शाळेत शिकवून त्याच्या निम्मेही आणत नव्हता, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तेही बंद. तुमच्याकडचे तासिका तत्त्वावरचे नेट-सेटवाले प्राध्यापक तरी वेगळं काय जगतात?

मला खुपतं ते दुसरंच. पाचवी पास ही अट ज्याच्यासाठी होती, तो कुठे गेला? आमच्या कामवाल्या बाईंचा नवरा सातवी शिकलाय, जन्मभर सायकलच चालवतोय. त्याने अर्जच भरला नाही. "इतने पढ़े-लिखों में हमें कौन पूछेगा?" म्हणाला. एम.ए.वाल्याला त्याच्या जोगं काम मिळत नाही म्हणून तो एक पायरी उतरतो, पण सातवीवाल्याने उतरून जायचं कुठे? दोष तुझा नाही. पण ती जागा मुळात कोणाची होती, हे विसरू नकोस.

आता लपवण्याचं. मुळीच लपवू नकोस. एका बँकेने शिपायाच्या जाहिरातीतच 'उमेदवार पदवीधर नसावा' असं घातलं होतं. ओडिशातल्या एकाने पदवी दडवली, निवड झाली, मग पदवी उघडकीला आली आणि बँकेने त्याला नोकरी नाकारली. उच्च न्यायालयात तो जिंकला, पण नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकेच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाच. पदवीधर चालत नसेल, तर तो अर्ज सोड. चालत असेल, तर एम.ए. स्वच्छ अक्षरात लिही.

शेवटची तारीख कधी आहे ते कळव, आणि हे पत्र दादालाही वाचायला दे.

तुझी,
आत्या