अम्मीची गोड पूड

गेल्या हिवाळ्यात अम्मीने दम्याचे औषध आपल्या मनानेच बंद केले. श्रीरामपुरात उसाचा हंगाम जोरात होता, रस्त्यावर ट्रॉल्यांची धूळ होती. रात्री तिची धाप पलीकडच्या खोलीत ऐकू यायची. कारण विचारले तर म्हणाली, "मीठा लगता. दवा के नाम पे शक्कर बेचते लोगां. मेरी शुगर बढ़ेगी."

फार्मसी शिकणारी भाची घरी आली, तेव्हा तिला विचारले. "नानीचं बरोबर आहे, मामू," ती म्हणाली. "श्वासातून ओढायच्या त्या कॅप्सूलमध्ये बहुतेक दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोजच असते. पण ती काही मिलिग्रॅम. तेवढ्याने शुगर वाढत नाही." (दुधाची तीव्र ॲलर्जी असेल तर मात्र डॉक्टरांना सांगावे.)

मग साखर हवीच कशाला? औषधाचे कण साधारण पाच मायक्रॉनपेक्षा बारीक असले, तरच फुप्फुसात खोल जातात. पण इतकी बारीक पूड आपसातच चिकटते. म्हणून ती लॅक्टोजच्या मोठ्या कणांवर बसवतात. श्वास ओढला की औषध सुटून आत जाते, साखर तोंडात-घशात राहते. पकड जास्त झाली तर औषधही घशातच अडकते. कमी झाली तर ते आधीच वेगळे होते आणि सगळ्या कॅप्सूलमध्ये सारखे भरले जात नाही.

ही पकड जोखायची एक रीत म्हणजे उलटी गॅस क्रोमॅटोग्राफी. १९५२ मध्ये जेम्स आणि मार्टिन यांनी मांडलेल्या नेहमीच्या रीतीत नळीतला पदार्थ ओळखीचा असतो आणि त्यातून सोडलेले मिश्रण अनोळखी. इथे नेमके उलटे. नळीत तपासायची पूड भरतात, हेलियमच्या झोताबरोबर हेक्झेन, ऑक्टेन, इथेनॉल अशा ओळखीच्या वाफा अगदी थोड्या सोडतात आणि प्रत्येक वाफ किती वेळाने बाहेर पडली ते मोजतात. जास्त रेंगाळली, तर पृष्ठभागाची ओढ जास्त. या वेळांवरून पृष्ठभागाची ऊर्जा काढता येते. लॅक्टोज दळले की स्फटिकांचा पृष्ठभाग विस्कटतो आणि आकडे बदलतात. रसायन म्हणून पाहिले तर दळण्याआधीचे आणि नंतरचे लॅक्टोज एकच, पण पकड वेगळी.

आम्ही मास्तर आयुष्यभर आलेल्या पोराचीच परीक्षा घेतो. इथे येणारा ठाऊक असतो आणि परीक्षा होते ती त्याला ठेवून घेणाऱ्याची. मला हे फार पटले. अम्मीला सांगितले तर ती म्हणाली, "मतलब मेहमान से घर पहचानते."

"हो नानी, आणि घरात ओल असली तर पाहुणा चिकटून बसतो," भाची हसून म्हणाली. दमट हवेत ही पकड बदलते, त्यामुळे कॅप्सूल वापरायच्या वेळीच पाकिटातून काढायची. अम्मी तर आठवड्याच्या कॅप्सूल एकदम सोलून माठाशेजारच्या वाटीत ठेवायची.

ती वाटी त्याच दिवशी उचलली. डॉक्टरांना विचारून औषध पुन्हा सुरू झाले. अम्मी अजूनही दर वेळी म्हणते, "मीठा है." पण ओढते.