लिंबाच्या डहाळ्या

पुतण्याच्या खोलीतून येणाऱ्या संगीताविषयी माझे मत कोणी विचारावे असा प्रसंग आमच्या घरात कधी आला नाही. कारण ते मी न विचारताच देत असे. धाकट्या भावाचा हा मुलगा महाविद्यालयीन शिक्षणासाठी दोन वर्षांपासून आमच्याकडे राहतो. वाटणीच्या वेळी आम्हा भावांचे बोलणे तुटले, ते बावीस वर्षे तुटलेलेच आहे. परंतु जावाजावांचे बोलणे कधीच तुटले नव्हते, आणि मुलाला कोठे ठेवावे हे त्या दोघींनी परस्पर ठरवून टाकले.

परवा सायंकाळी 'आवाज कमी कर' असे सांगण्याकरिता मी त्याच्या दारापर्यंत गेलो आणि तेथेच उभा राहिलो. तबकडीवर दोन पुरुषी आवाज एकमेकांच्या इतके लगत चालले होते, की वरचा कोणाचा व खालचा कोणाचा हे क्षणभर उमगेना.

"काका, हे दोघे सख्खे भाऊ आहेत," तो म्हणाला.

'लेमन ट्विग्ज', म्हणजे लिंबाच्या डहाळ्या, असे त्या वाद्यवृंदाचे नाव. ब्रायन आणि मायकेल डॅडारियो हे न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचे बंधू. थोरला १९९७ चा, धाकटा १९९९ चा. २०१६ साली त्यांचा 'डू हॉलिवूड' हा गीतसंग्रह निघाला, तेव्हा दोघांनीही विशी गाठली नव्हती. २०२३ व २०२४ साली निघालेले त्यांचे संग्रह ऐकावे, तर हे गृहस्थ १९६५ सालातून अजून बाहेरच पडलेले नाहीत असे वाटावे! ते आळीपाळीने गातात, एकमेकांची वाद्ये बदलून घेतात, आणि ध्वनिमुद्रणासाठीही जुन्या काळची यंत्रे वापरतात.

त्या काळच्या रॉक अँड रोल संगीताच्या खुणा पुतण्याने मला समजावून सांगितल्या. गाणे आटोपशीर, बहुधा दोन-अडीच मिनिटांचे. एकच ओळ दोन-तीन गळ्यांनी निरनिराळ्या स्वरांवरून एकाच वेळी म्हणावयाची. आणि मागे बारा तारांच्या विजेच्या गिटारीचा किणकिणाट. ह्या तारा जोडीजोडीने असतात. सहा जोड्यांपैकी खर्जाकडच्या चारांत एक तार दुसरीहून सप्तकभर वर लावलेली असते. त्यामुळे स्वर एक छेडला तरी त्याची सावली वर उमटते. १९६४ साली 'बीटल्स' मंडळींतील जॉर्ज हॅरिसन यांनी व पुढील वर्षी अमेरिकेतील 'बर्ड्झ' वृंदाने हा नाद साऱ्या जगाच्या कानांत बसविला.

"हे सारे खरे," मी म्हणालो, "पण दुसऱ्याच्या ताटातले उचलून खाण्यात पुरुषार्थ कोणता?"

"काका, तुम्ही साकी आणि दिंडी म्हणता, त्या चाली कोणाच्या असतात?"

ह्या प्रश्नावर मला काही उत्तर सुचले नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली 'सौभद्र' रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यांनीही साकी व दिंडी हे जुनेच साचे हाती घेतले होते. म्हणून सुभद्रेचे दुःख काही जुने झाले नाही. तथापि एवढ्यावरून मी सर्वस्वी हार मानली असे नव्हे. डॅडारियो बंधूंची काही गाणी मला अजूनही केवळ सुबक नक्कलच वाटतात. परंतु जेथे दोघांचे गळे एकत्र येतात, तेथे नकलेचा विचारच मनात येत नाही. एका घरात वाढलेल्या भावंडांची मुखाची ठेवण सारखी, शब्द उच्चारण्याची लकब सारखी, श्वास टाकण्याची जागादेखील पुष्कळदा सारखी. म्हणून स्वर भिन्न असूनही नाद एक होतो. ही गोष्ट उसनी आणता येत नाही.

त्या संगीतात असे घराणेशाहीचे दाखले अनेक आहेत. १९६१ साली कॅलिफोर्नियात निघालेला 'बीच बॉइज' हा वृंद म्हणजे तीन सख्खे भाऊ, त्यांचा आतेभाऊ आणि एक मित्र. निम्मे एकत्र कुटुंबच म्हणा ना! त्याआधी, १९५७ साली, डॉन आणि फिल एव्हर्ली हे बंधू पुढे आले. त्यांचे जोडीने गाणे ऐकूनच बीटल्स शिकले. परंतु १९७३ साली भर कार्यक्रमात फिलने गिटार आपटली आणि तो रंगमंच सोडून चालता झाला. पुढे दहा वर्षे ते जोडीने गायले नाहीत. १९८३ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ते पुन्हा एकत्र उभे राहिले. आज दोघेही हयात नाहीत.

पुतण्याने हे सहज सांगितले, की हेतुपुरस्सर, हे मी त्याला विचारले नाही. त्याने पुढे आणखी एक गोष्ट सांगितली. ह्या डहाळ्यांचे वडील रॉनी हे स्वतः गीतकार. १९७६ साली त्यांनी आपल्या गाण्यांचा एक संग्रह केला होता. नाव मात्र झाले नाही. पण घरात वाद्ये होती, वडिलांची गाणी होती, आणि मुले त्यांतच लहानाची मोठी झाली.

आमचे वडील शाळामास्तर. रामनवमीच्या उत्सवासाठी ते दरवर्षी एक नवे पद रचीत. ते पेटी वाजवीत आणि आम्ही दोघे भाऊ देवळात उभे राहून ते म्हणत असू. वाटणीत भांडण झाले ते खोल्यांवरून. पेटी धाकट्याकडे गेली आणि पदांची वही माझ्याकडे आली, ह्याबद्दल कोणीच तक्रार केली नाही. ती वही मी बावीस वर्षे कपाटात डांबराच्या गोळ्या घालून जपली आहे. वडिलांची ठेव मी सांभाळली, असे मी लोकांना अभिमानाने सांगतही असे.

त्या रात्री मी वही बाहेर काढली. पुतण्या म्हणाला, "एखादे म्हणून दाखवा." मी एक पद निवडले व ध्रुपद म्हटले. आवाज पूर्वीचा नाही, पण चाल ठीक लागली. अंतऱ्याशी आलो आणि थांबलो. शब्द समोर होते. चाल काही केल्या आठवेना. दुसरे पद काढले, तिसरे काढले; तेथेही तेच. ध्रुपदे सारी येत होती, अंतरा एकही येईना. अंतरा नेहमी धाकटा म्हणत असे.

पुतण्याने वही माझ्या हातून घेऊन हलकेच मिटली. "बाबा कधीकधी पेटीवर काहीतरी वाजवतात," तो म्हणाला, "पण त्याला शब्द नसतात."

येत्या रामनवमीला वही घेऊन मी साताऱ्यास जावयाचे ठरविले आहे. दोघी जावांना हे मी अद्याप सांगितलेले नाही; पण त्यांना ते एव्हाना ठाऊक असणारच.