नाताळचा डबा

मंडळी, गेले दोन वीकेंड ब्लॉग कोरडाच गेला. वेळ नव्हता असं नाही. वेळ भरपूर होता, लिहावंसं वाटत नव्हतं. आज रविवार, क्लायंट सुट्टीवर, आई आत झोपली आहे, आणि परवाचं डोक्यातून जात नाहीये. म्हटलं लिहून टाकू.

आमच्या धंद्यात डिसेंबर म्हणजे कोड फ्रीज. वीस तारखेनंतर प्रॉडक्शनला कोणी हात लावायचा नाही. त्यामुळे आम्हा आयटीवाल्यांचा ख्रिसमस हा मुळात सण नाहीच, तो रिलीज कॅलेंडरवरचा लाल चौकोन आहे. पुण्याच्या ऑफिसात असताना ठरलेला कार्यक्रम: एचआरने वाटलेल्या लाल टोप्या, प्लॅस्टिकचं झाड, आणि अडीचशे रुपयांच्या मर्यादेत सीक्रेट सांता. (मला तीन वर्षं ओळीने कॉफीचा मग मिळाला. तिसरा तर मीच आदल्या वर्षी कोणालातरी दिलेला होता.) २०२३ साली ऑनसाईट न्यू जर्सीला होतो, म्हटलं आता खराखुरा ख्रिसमस बघायला मिळेल. पंचवीस तारखेला सगळं गाव बंद, रस्त्यावर कुत्रं नाही, आणि मी खोलीत मॅगी करून खाल्ली. घराघरांतून दिवे दिसत होते, पण ते बाहेरून.

यंदा, म्हणजे २०२५ ला, यातलं काहीच नव्हतं. जुलैमध्ये बाबा गेले. मॅनेजरला सांगून कायमचं घरून काम मागून घेतलं आणि नाशिकला आईजवळ आलो. दिवाळीत आमच्याकडे आकाशकंदील नाही, फराळ नाही. वर्षाच्या आत सण करायचा नसतो. शेजारपाजारचे आणि नातेवाईक फराळाचे डबे देऊन गेले, तशीच रीत आहे. सात डबे आले. आईने सगळे घासून, पुसून, प्रत्येकात मूठभर साखर घालून परत पाठवले. रिकामा डबा परत करायचा नाही. त्यातली एक चकली सोडली तर तिने काही तोंडात घातल्याचं मला आठवत नाही. येणारे दारातूनच डबा देत, हळू आवाजात दोन शब्द बोलत आणि जात. कोणाचं काही चुकलं नाही. अशा घरात फार वेळ बसू नये, त्यांना त्यांचं त्यांचं राहू द्यावं, असंच आपल्याला शिकवलेलं असतं.

आता आमच्या टीममधल्या टेस्टरची ओळख करून देतो. त्याचं नाव इथे छापलेलं त्याला चालणार नाही, म्हणून टेस्टरच म्हणतो. पाच वर्षं माझ्या कोडमध्ये खोट काढणं हाच त्याचा उदरनिर्वाह. तोही नाशिकचा, शरणपूरचा. मराठी ख्रिस्ती. माझं घर गंगापूर रोडला, म्हणजे गाडीवर दहा मिनिटं. कॅनडा कॉर्नरला मी लहानपणापासून किती हजार वेळा गेलो असेन, पण शरणपूर ही एक वस्ती आहे, तिथे माणसं राहतात, हे कधी डोक्यातच आलं नाही. शरणपूर रोड म्हणजे दुकानं, बँका आणि सिग्नल.

सोमवारी, बावीस तारखेला, त्याचा मेसेज आला: "रात्री आठला ये. गाणी म्हणत फिरायचंय. जाड स्वेटर घाल." मी आईला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "कानटोपी घे. निफाडला पारा उतरलाय म्हणे, इथेही गारठा आहे."

मी मनात जिंगल बेल्सची तयारी करून गेलो होतो. तिथे बघतो तर पंधरावीस माणसं, एक पेटी, एक ढोलकी, चार टाळ. पेटीवाले काका गळ्यात पट्टा अडकवून उभे. आणि गाणी सुरू झाली ती चक्क भजनं! अभंगाच्या चालीवर. डोळे मिटले असते तर आमच्या कॉलनीतली एकादशी वाटली असती. यातली बरीच पदं रेव्हरंड टिळकांची, असं पेटीवाले काका म्हणाले. म्हणजे नारायण वामन टिळक, शाळेच्या पुस्तकातले, फुलामुलांचे कवी. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले आणि पुढे भजनं लिहिली, कीर्तनं केली. त्यांच्या बायकोचं, लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' आमच्या घरच्या कपाटात आहे. लक्ष्मीबाई जन्मल्या त्या आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरला. हे सगळं माहीत होतं, पण ही भजनं आजही कोणी थंडीत कुडकुडत म्हणतं, हे माहीत नव्हतं. मी कोरसमध्ये घुसलो. टाळ मला येतात, गणपतीची कृपा.

पाचसहा घरं झाल्यावर टेस्टर म्हणाला, "आता पुढचं घर जरा वेगळं आहे. आवाज खाली ठेव."

त्या घरावर चांदणीचा कंदील नव्हता. ओटीवर एक आजी बसल्या होत्या, शाल गुंडाळून. त्यांचे यजमान ऑक्टोबरमध्ये गेले. मला वाटलं इथून आपण नुसते हात जोडून पुढे जाऊ. पण सगळे आत शिरले, सतरंजीवर मांडी घालून बसले. ढोलकी बाजूला ठेवली. पेटीवर एकच संथ पद म्हटलं. मग पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि त्यात गेलेल्या आजोबांचं नाव घेतलं, ते कोणतं गाणं हट्टाने चुकीच्या चालीत म्हणायचे तेही सांगितलं. आजी रडता रडता हसल्या. म्हणाल्या, "मग म्हणा ना तेच, त्यांच्याच चालीत." आणि खरंच, वीस माणसांनी ते गाणं मुद्दाम चुकीचं म्हटलं. पंचेचाळीस मिनिटं तरी बसलो असू तिथे. यादीतली शेवटची दोन घरं त्यामुळे दुसऱ्या दिवसावर गेली, आणि कोणी कुरकुर केली नाही.

मी टाळ मांडीवर ठेवून बसलो होतो. आमच्याकडे आलेले सात डबे आठवत होते.

त्यांची पद्धत चांगली आणि आपली वाईट, असं मी म्हणत नाहीये. दिवाळीत असे वीस जण घरात शिरले असते तर आई कदाचित आतल्या खोलीत जाऊन बसली असती. नक्की सांगता येत नाही. तिला कोणी विचारलंच नाही ना. मीसुद्धा नाही.

गुरुवारी सकाळी नाताळ. सेंट अँड्र्यूज चर्चमधली उपासना सगळी मराठीत. त्याबद्दल फार लिहीत नाही, मला निम्मं कळलं नाही आणि उठायचं कधी, बसायचं कधी यात माझा तोल सारखा जात होता. एक मात्र आवडलं, ते तीन ज्ञानी राजे वगैरे इंग्रजी सिनेमात बघितलेले, त्यांना इथे सरळ 'मागी' म्हणतात. शेजारी जाऊन मागितल्यासारखं वाटतं :)

मग टेस्टरच्या घरी. दारातच "सलाम" झाला, आणि काकूंनी ताट पुढे केलं: करंज्या, चकल्या, शंकरपाळे, अनारसे, आणि भट्टीवरून भाजून आणलेली नानकटाई. केक होता, पण बिचारा कोपऱ्यात. मी म्हटलं, "काकू, ही तर दिवाळीच आहे." त्या म्हणाल्या, "मग? आम्ही काय लंडनहून आलोय?"

ओटीवर त्याच्या पुतण्यांनी गव्हाणीचा देखावा केला होता. माती, गवत, उगवलेले अळीव, मेंढरं, मेंढपाळ. बारकाईने बघितलं तर मेंढपाळांच्या मागे भाला घेतलेला एक मावळा उभा! दिवाळीतल्या किल्ल्यावरचा. टेस्टर म्हणाला, "तो बग नाहीये. एक मेंढपाळ फुटला, म्हणून वर्कअराउंड आहे." धाकटा पुतण्या भडकला. म्हणाला, वर्कअराउंड नाही, बाळाला राखायला पहारेकरी नको का?

जेवण झाल्यावर त्याचे आजोबा खुर्ची टाकून बसले आणि त्यांनी जे सांगितलं ते मी घरी येऊन पुन्हा तपासून बघितलं, कारण मला थापच वाटली होती. शरणपूर हे १८५० च्या दशकात विल्यम प्राइस नावाच्या मिशनऱ्याने वसवलं. शरण आलेल्यांचं गाव, म्हणून शरणपूर. पुढे समुद्रात ब्रिटिश आरमाराने गुलामांची गलबतं पकडली, त्यातून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवली जात. त्यातली कितीतरी इथे आणली गेली. सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकली. १८६६ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या मोहिमेवर गेलेल्यांत इथली नऊ मुलं होती. जेकब वेनराइट नावाचा आणखी एक मुलगा नंतर, १८७२ मध्ये, पाठवलेल्या मदततुकडीतून गेला. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारले, तेव्हा त्यांच्या माणसांनी मृतदेह उचलून नऊ महिने पायी चालत समुद्रकिनाऱ्यावर आणला. वेनराइट शवाबरोबर थेट इंग्लंडला गेला. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत ज्यांनी ती शवपेटी धरली, त्यात तो होता. नाशिकच्या शाळेत शिकलेला मुलगा! लिव्हिंगस्टन मला इतिहासात होता, मार्क गेले होते त्यावर. हे कोणी सांगितलं नाही. १८७४-७५ च्या सुमारास प्राइस पूर्व आफ्रिकेत मोंबासाजवळ गेले, फ्रीअरटाउन नावाची वसाहत उभी राहिली, आणि इथले बरेच आफ्रिकन तिकडे गेले.

आजोबा म्हणाले, "त्यांनी इथे किती नाताळ केले असतील. करंजी खाल्ली असेल का रे त्यांनी?" कोणालाच सांगता आलं नाही.

निघताना काकूंनी स्टीलचा डबा हातात दिला. "आईला दे. घरात यंदा काही केलं नसेल." मी दोनतीनदा नको नको म्हटलं. खरं कारण वेगळंच होतं. आई घेईल का, ही भीती. तिचं सोवळंओवळं वगैरे नाही तसं, पण बाबांच्या आईचं होतं, आणि या घरात तिच्या काही गोष्टी ती गेल्यावरही चालूच आहेत. डिकीत डबा ठेवून येताना मी सिग्नलला दोन वेळा ठरवलं की डबा माझ्या खोलीत ठेवायचा आणि आपणच संपवायचा.

आईने दारातच विचारलं, "काय आहे?" सांगितलं. तिने झाकण काढलं, एक करंजी उचलली, दिव्याखाली धरून फिरकीने कापलेली कड बघितली. "हात चांगला आहे बाईचा." मग खाल्ली. सगळी. "जायफळ जरा जास्त झालंय." दुसरी घेतली. मी सोमवारच्या त्या आजींबद्दल सांगितलं, चुकीच्या चालीतल्या गाण्याचंही. ती ऐकत होती. मग बराच वेळ बाबांबद्दल बोलली, ते चकलीचा सोऱ्या फिरवायला बसायचे आणि दर वर्षी हँडल तोडायचे, त्याबद्दल. जुलैपासून ती त्यांच्याबद्दल बोलली होती ती फक्त बँकेच्या कागदांसाठी.

काल दुपारी डबा संपला. आई म्हणाली, "त्यांच्यात साखर घालून परत दिलेलं चालतं का रे? विचार."

मी टेस्टरला मेसेज टाकला. उत्तर यायला दहा मिनिटं लागली, म्हणजे त्याने आत जाऊन विचारलं असणार. "आई म्हणते काहीही घाल, पण डबा तू आणू नकोस. काकूंना घेऊन यायला सांग. एकतीसला रात्री उपासना आहे, त्याआधी आल्या तर जेवायलाच या."

आईला वाचून दाखवलं. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. डबा घासून, पुसून ओट्यावर उपडा घातलाय. अजून तिथेच आहे.