हिरडा आणि लोखंड

आईच्या चष्म्याला घर हवं होतं आणि मला एकदा तरी चामडं स्वतःच्या हातानं शिवून बघायचं होतं. लांब पट्टी कापायची, मधोमध घडी घालायची, दोन्ही बाजूंनी शिवायची. याहून सोपी वस्तू मला सुचली नाही.

नेरुळहून हार्बरनं कुर्ला, गाडी बदलून सायन आणि तिथून धारावी. चामडं चौरस फुटावर विकतात, एवढंही मला ठाऊक नव्हतं. दुकानदारानं विचारलं, “क्रोम की व्हेज?” माझा चेहरा बघून त्यांनी दोन तुकडे माझ्या हातात ठेवले. पहिला मऊ, हवा तसा वळणारा; त्याची कापलेली कड निळसर-करडी होती. ही क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेली कातडी. काम झटपट होतं, म्हणून जगातलं बहुतेक चामडं आज असंच तयार होतं. दुसरा तुकडा ताठ, फिकट तपकिरी, सालीसारख्या वासाचा. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे मुरवून कमावलेला. कोल्हापुरी चप्पल याच जातीच्या चामड्याची, म्हशीच्या. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांतल्या चार-चार जिल्ह्यांसाठी. मी दुसरा तुकडा घेतला. त्याच्या वासानंच माझा निर्णय केला होता.

घरी कापायला बसले तर कटर सरळ जाईना. आमच्या स्टेशनबाहेर चपला दुरुस्त करणारे एक काका बसतात, त्यांच्याकडे गेले. त्यांनी आधी चामडं दोन दिशांना ताणून पाहिलं. “ताई, हे पोटाकडचं. ओढलं की वाढतं. पाठीकडचं घट्ट असतं, ते मागायचं.” मग लाकडी ठोकळ्यावर तुकडा ठेवून त्यांनी रापी चालवली. रापी म्हणजे रुंद, चपट्या पात्याचं चांभारी हत्यार. पातं जवळजवळ आडवं धरून त्यांनी कडेचा थर तासला आणि चामड्याचा एवढा पातळ पापुद्रा निघाला की त्यातून उजेड दिसत होता. तशी कड माझ्या हातून आजही निघत नाही.

रंग शिलाईच्या आधी द्यायचा, नाहीतर दोराही रंगतो. चामडं थोडं ओलं केलं तर रंग सारखा बसतो, म्हणून ओल्या फडक्यानं ते पुसून घेतलं. बाजूला ठेवलेली कात्री त्यावर जरा वेळ राहिली. उचलली तर खाली तिच्या पात्याचा निळसर काळा ठसा. पुसला, घासला, तो हलेना. काकांना नेऊन दाखवलं, तर ते लगेच म्हणाले, “हिरडा आहे ना यात. लोखंड लागलं की काळं होणारच. पूर्वी काळा रंग असाच करायचे, गुळाच्या पाण्यात गंजकं लोखंड टाकून.”

हा या सगळ्या खटाटोपातला माझ्यासाठी सर्वात मोठा क्षण. हिरड्यात, बाभळीच्या सालीत टॅनिन असतं. कातडं कुजू न देणारं द्रव्य तेच, आणि लोखंडाच्या क्षाराशी मिळून काळा रंग धरणारंही तेच. जुनी लिहायची शाईसुद्धा याच जोडीतून होत असे. मी तपकिरी रंगाची बाटली बाजूला ठेवली. गंजलेले खिळे व्हिनेगरमध्ये टाकून बरणी आठवडाभर खिडकीत ठेवली. झाकण सैल ठेवायचं, कारण आत वायू तयार होतो. मग ते पाणी गाळून फडक्यानं चामड्यावर फिरवलं. फिकट पाणी, पण ते लागलं तिथं चामडं आधी राखाडी झालं, मग डोळ्यांदेखत गडद होत काळं झालं. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यानं आंबटपणा मारला, सावलीत वाळवलं, तेलाचा हलका हात दिला. पांढऱ्या कापडानं घासून पाहिलं तर काळं उतरलं नाही. रंग वरून चढवलेला नव्हता, तो चामड्यातच तयार झाला होता.

महाराष्ट्रात ढोर समाजानं कातडं कमावायचं आणि चर्मकारांनी त्याच्या वस्तू घडवायच्या, अशी वाटणी पिढ्यानपिढ्या चालली. हे रसायनशास्त्र ज्यांच्या हातात होतं त्यांनाच गावानं वेशीबाहेर ठेवलं. मी प्रयोगशाळेत टॅनिन ओळखायची फेरिक क्लोराईडची परीक्षा शिकले आणि तिचे गुण मिळवले. ज्यांना ती रोजच्या कामातून कळत होती, त्यांच्या ज्ञानाला आम्ही कधी ज्ञान म्हटलंच नाही. याचा मला मनापासून राग येतो.

शिलाईला दोन सुया आणि एकच दोरा लागतो. दोरा शिलाईच्या लांबीच्या साधारण चौपट घ्यायचा, त्याला मेण लावायचं, दोन्ही टोकांना बोथट सुया. भोकं आधी पाडायची: कडेपासून समांतर रेघ ओढून, दातेरी काट्यानं ठोकून. मग प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. कुठली सुई आधी, हा क्रम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच ठेवायचा. तो बदलला तिथं टाक्याचा कल बदलतो आणि लगेच डोळ्यांत भरतो. शेवटी दोन टाके मागे येऊन दोरा कापायचा.

काकांनी माझ्या सरावाच्या पट्टीवर मधला एक टाका रापीनं कापला आणि दोन्ही भाग ओढले. शिलाई उघडली नाही. मशीनच्या शिलाईत एक टाका तुटला की पुढचेही सुटू शकतात. इथं एका बाजूचा दोरा तुटला तरी दुसऱ्या बाजूचा धरून ठेवतो.

मग त्यांनी चष्म्याचं घर हातात घेतलं, आत बोट फिरवलं. “आतून अस्तर नाही? काच घासेल. शेळीचं पातळ चामडं चिकटवा. पण त्यासाठी हे उसवावं लागेल.”

न सुटणारी शिलाई आता मी एकेक टाका कापून उसवते आहे. शेळीच्या चामड्यासाठी पुन्हा धारावीला जायचं आहे.