कर्ण मोजायचा राहिला

घरात निवृत्त माणूस असणे ही इतरांची मोठी सोय असते. विजेचे बिल भरणे, नळाला पाणी आले की मोटार लावणे, सिलिंडरवाल्याची वाट पाहणे ही कामे त्याच्याकडे आपोआप चालत येतात. २०२४ च्या फेब्रुवारीत आमच्या या यादीत आणखी एका कामाची भर पडली. आमची नात तेव्हा नववीत होती. वार्षिक परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली, चिरंजीव नोकरीनिमित्त पुण्याला, सूनबाईंच्या बँकेत मार्चअखेरीची गडबड. तेव्हा गणिताच्या सूत्रांची उजळणी आजोबांनी करून घ्यावी, असे ठरले. कोणी ठरवले हे विचारण्याची पद्धत आमच्याकडे नाही. कारण मात्र सांगण्यात आले : आम्ही बी. एस्सी.ला गणित घेतले होते, आणि पुढे अडतीस वर्षे मध्यप्रदेश शासनाच्या महसूल खात्यात जमिनीचेच हिशेब केले होते.

नातीने स्वयंपाकघराच्या दाराला एक तक्ता चिकटवला होता. वर बीजगणित, खाली भूमिती. एकूण सूत्रे सदतीस. निळ्या शाईत सूत्र, महत्त्वाच्या सूत्राभोवती तांबडी चौकट. सकाळी दूध तापत असताना ती तो तक्ता असा म्हणे की, आमच्या मातोश्री असत्या तर त्यांनी हात जोडले असते. अडखळणे नाही, श्वास घेणे नाही. पाठांतराला नावे ठेवणाऱ्यांपैकी आम्ही नाही. पावकी, निमकी, पाऊणकी आमच्या वडिलांच्या जिभेवर होत्या आणि बाजारात त्यांना कोणी फसवू शकत नसे. परंतु ही पोर अ आणि ब यांच्या बेरजेचा वर्ग तोंडाने बरोबर म्हणे, आणि वहीत मात्र अचा वर्ग अधिक बचा वर्ग एवढेच लिहून मोकळी होई. मधली दुप्पट गळून जाई. विचारले की म्हणे, "आजोबा, घाईत राहून गेलं."

पहिली अडचण खरे तर भाषेची होती. तिचे सगळे गणित इंग्रजीत. आमची शाळा हिंदी. आणि घरी शिकवणारे आमचे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, ते होळकर संस्थानच्या काळात मराठीतून शिकलेले. शाळेत 'समकोण त्रिभुज' शिकून यावे आणि घरी तो 'काटकोन त्रिकोण' व्हावा. शाळेत 'समद्विबाहु', घरी 'समद्विभुज'. शाळेत 'परिधि', घरी 'परिघ'. एकदा या ओढाताणीत आम्ही रडकुंडीला आलो होतो. हिंदीत चार सारख्या बाजूंच्या काटकोनी आकृतीला 'वर्ग' म्हणतात. मराठीत ती आकृती 'चौरस', आणि वर्ग म्हणजे संख्येला तिनेच गुणणे. आम्ही नानांना विचारले, खरा वर्ग कोणता? त्यांनी ओटीच्या फरशीवर खडूने चौदा रेघा आडव्या, चौदा उभ्या असे घर आखले आणि म्हणाले, "दोन्ही एकच. हा चौरस, आणि यातली घरं मोजलीस की तेराचा वर्ग." दोन भाषांच्या भांडणातून एखादी कल्पना अशी उजळून निघते, हे आपल्यासारख्या परमुलुखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरांना वेगळे सांगायला नको.

नानांची ती फरशी आता नाही. पण आमच्या गच्चीवर चौकोनी फरश्या आहेत. एका संध्याकाळी नातीला वर नेले आणि तेरा बाय तेरा फरश्यांचा चौरस आखायला सांगितला. मग दहापाशी एक उभी, एक आडवी रेघ. एका कोपऱ्यात दहा-दहाचा मोठा चौरस, समोरच्या कोपऱ्यात तीन-तीनचा लहान. "तुझ्या वहीप्रमाणे हिशेब कर." तिने केला : शंभर आणि नऊ, एकशे नऊ. "आता सगळ्या फरश्या मोज." तेरा तेरे एकशे एकूणसत्तर. ती जरा वेळ गप्प राहिली. मग चप्पल काढून त्या दोन लांबट पट्ट्यांवरून चालत गेली, तीस इकडे, तीस तिकडे, आणि हसून म्हणाली, "आजोबा, या दोन पट्ट्या मी रोज फेकून देत होते!" त्यानंतर ती दुप्पट कधी गळली नाही. बीजगणिताचा भाग असा चार दिवसांत उरकला. घनांची सूत्रे, अवयव पाडणे वगैरे तिला आमच्यापेक्षा चांगले येत होते. तिथे आम्ही नुसते मान डोलवायला होतो.

भूमितीचे काम सोपे जाईल, अशी आमची समजूत होती. शब्दच आमच्या खात्याचा : भूमी मोजणे ती भूमिती. हिंदीतली 'ज्यामिति'सुद्धा तेच सांगते, कारण संस्कृतात ज्या म्हणजे पृथ्वीही. आम्ही तिला तीन-चार-पाचचा त्रिकोण जरिबेच्या कड्यांनी कसा मांडतात आणि त्यातून शेतात काटकोन कसा काढतात ते रंगवून सांगितले. गवंडीही पाया आखताना दोरीने हेच करतो. बौधायनाच्या शुल्बसूत्रात कर्णाचा हा नियम आहे आणि शुल्ब म्हणजे दोरीच, हेही सांगितले. तिने ऐकून घेतले; मुले आजोबांचे ऐकून घेतात.

मग सरावाच्या पुस्तकातले एक उदाहरण आले. समांतरभुज चौकोन, बाजू तेरा आणि पंधरा, एक कर्ण चौदा, क्षेत्रफळ काढा. तिने तेरा पंधरे एकशे पंचाण्णव असे लिहून खाली दोन रेघा मारल्या. आम्ही म्हटले, "अगं, आणि हे चौदा?" ती म्हणाली, "समोरासमोरच्या बाजू सारख्या आहेत नं, मग लांबी गुणिले रुंदी. मधला आकडा फसवायला दिलेला असतो."

आमच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. हाच गुणाकार आम्ही पूर्वी एकदा पाहिला होता, आणि त्याखाली आमची सही होती.

१९८४ साली आम्ही माळव्यातल्या एका तहसिलीत नायब तहसीलदार होतो. वय सव्वीस, पदवी ताजी, रुबाब त्याहून ताजा. दोघा भावांच्या वाटणीचे प्रकरण आले. वडिलांमागे दोन शेते होती. एक सडकेला लागून, नीट आयताकृती. दुसरे नाल्याच्या काठाने कलंडलेले. नाल्याने बांध खाल्ला होता आणि नकाशाची नेमकी तीच घडी झिजून फाटली होती, म्हणून मोजणी नव्याने करायची होती. पटवाऱ्याने वीस मीटरची जरीब दोन्ही शेतांच्या चारी बांधांवरून फिरवली. गंमत अशी की दोन्हीकडे बाजू जवळजवळ सारख्याच निघाल्या : दीडशे मीटर आणि एकशे तीस मीटर. (शेतातले आकडे इतके गुळगुळीत नसतात, दोन-चार मीटर इकडेतिकडे होते, ते येथे सोडून दिले आहेत.) समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन सरासऱ्यांचा गुणाकार करायचा, ही पटवाऱ्याची रीत. उत्तर एकोणीस हजार पाचशे चौरस मीटर, म्हणजे १.९५ हेक्टर. थोरल्याला १.९५, धाकट्याला १.९५. इतकी सुबक वाटणी हाती क्वचितच येते. कागद आमच्याकडे तपासणीला आले आणि आम्ही खूश होऊन सही केली. गणिताचा पदवीधर होतो आम्ही!

कलंडलेले शेत धाकट्याच्या वाट्याला गेले. पुढच्या वर्षी रब्बीची पेरणी झाल्यावर तो कचेरीत आला. हात जोडून म्हणाला, "साहब, बीज बच जाता है." गव्हाला हेक्टरी शंभर किलोच्या हिशेबाने त्याने दोन क्विंटल बियाणे नेले होते, त्यातले तीसेक किलो उरले. आम्ही म्हटले, पेरणी विरळ होत असेल. तो म्हणाला, पाभर तीच, बैल तेच, हात तोच. भावाच्या शेतात बियाणे पुरते, माझ्याच शेतात उरते. आज वाटते, की तो मनुष्य आमच्या टेबलापुढे उभा राहून एक काटेकोर प्रयोग मांडत होता, आणि आम्ही त्याला कागद दाखवत होतो. तो तीनदा आला. तिसऱ्यांदा आम्ही त्याला जरा चढ्या आवाजात परत पाठवले.

१९८६ साली आमच्या बदलीचा हुकूम आला. निघण्याआधीच्या रविवारी काय मनात आले कोण जाणे, दोन माणसे आणि जरीब घेऊन आम्ही त्या शेतावर गेलो. बांधाच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, पिकातून, तिरपी जरीब टाकली. बरोबर सात जरिबा : एकशे चाळीस मीटर. रात्री बिऱ्हाडी बसून हेरॉनच्या सूत्राने हिशेब केला. तीन बाजूंच्या बेरजेचे निम्मे दोनशे दहा. त्यातून बाजू वजा केल्या की ऐंशी, सत्तर आणि साठ. चारींचा गुणाकार, त्याचे वर्गमूळ आठ हजार चारशे. असे दोन त्रिकोण : सोळा हजार आठशे. म्हणजे १.६८ हेक्टर. २७ आर जमीन, एकराचे जवळजवळ दोन तृतीयांश, फक्त कागदावर होती. ज्या जमिनीचा शेतसारा तो भरत होता, ती नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी आम्ही टिपण लिहून प्रकरणात लावले : 'पुनर्मोजणी आवश्यक वाटते.' आवश्यक वाटते! चूक कोणाची, तपासणी कोणी केली, याचा त्यात उल्लेख नव्हता. संध्याकाळच्या गाडीने आम्ही नव्या गावी निघालो. पुढे नोकरीत त्या रस्त्याने कितीतरी वेळा गेलो. जीप थांबवून विचारणे अवघड नव्हते. पण विचारायचे म्हणजे जुना कागद काढायला लावायचा, आणि कागदावर सही कोणाची ते सर्वांना दिसायचे.

हे सर्व आम्ही नातीला त्या संध्याकाळी सांगितले. एवढे सांगायचे नव्हते. पण सुरू केल्यावर थांबता आले नाही. तिने विचारले, "मग त्यांना जमीन मिळाली?" आम्ही म्हटले, ठाऊक नाही. तिने आमच्याकडे पाहिले. या पाहण्याला आम्ही अडतीस वर्षांत कोणत्याही वरिष्ठाला भ्यालो नव्हतो इतके भ्यालो.

मग ती उठली आणि कुल्फीच्या चार काड्या घेऊन आली. मुली असले काही साठवून ठेवतात. आमच्या सांगण्यावरून टोकांना टाचण्या लावून तिने चौकट केली. चौकट धरून दाबली की ती कलंडते. बाजू त्याच, आतली जागा कमी कमी होत जाते आणि शेवटी काड्या एकमेकींना चिकटतात तेव्हा काहीच उरत नाही. मग एक पाचवी काडी तिरपी लावली. आता कितीही दाबा, हलत नाही. अंगणाच्या फाटकाला सुतार तिरपी पट्टी का ठोकतो, ते तिने आपण होऊन सांगितले. "म्हणजे चार बाजू सांगितल्या तरी चौकोन ठरतच नाही!" ती म्हणाली.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लीलावतीत हेच सांगून ठेवले आहे. लंब किंवा कर्ण यांपैकी काही न सांगता जो नुसत्या बाजूंवरून चौकोनाचे नेमके क्षेत्रफळ विचारतो त्याला त्यांनी पिशाच म्हटले आहे, आणि जो उत्तर देतो त्यालाही. निवृत्तीनंतर एका मराठी भाषांतरात हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. पटवाऱ्याची रीतही काही त्याची नव्हे. समोरासमोरच्या बाजूंच्या निमबेरजांचा गुणाकार ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ब्राह्मस्फुटसिद्धान्तात दिलेला आहे; मात्र त्याने त्याला स्थूल म्हणून वेगळे ठेवले आणि सूक्ष्म फळासाठी दुसरा नियम दिला, तोही पुढे सर्व चौकोनांना लागू नाही असे दिसून आले. स्थूल रीत नेहमी जास्तच दाखवते, कमी कधी नाही. आयत असेल तेव्हाच ती बरोबर येते. आमच्या कागदावर 'स्थूल' हा शब्द असता, तर धाकट्याला भांडायला जागा तरी राहिली असती.

परीक्षेपर्यंतच्या उरलेल्या दिवसांत नातीने आपला तक्ता पुन्हा लिहून काढला. सूत्रे तीच सदतीस, पण प्रत्येकापुढे पेन्सिलने बारीक अक्षरांत काहीबाही : 'काटकोन असेल तरच', 'उंची उभी, तिरपी नाही', 'तिन्ही बाजू माहीत असतील तर'. आम्ही सुचवले नव्हते. नव्या तक्त्यात तांबड्या चौकटी नव्हत्या, त्यामुळे तो पहिल्याइतका देखणा दिसत नव्हता, आणि पाठ म्हणायलाही अडचणीचा झाला होता.

परीक्षेच्या दिवशी सूनबाईंनी तिच्या हातावर दही-साखर ठेवली. दुपारी आली ती पंख्याखाली दप्तर टाकून म्हणाली, पेपर सोपा होता. चौकोनाचे काही विचारलेच नाही.

त्या तहसिलीचे गाव इंदुराहून सकाळच्या बसने गाठता येते. खसऱ्याची नक्कल आता कोणालाही काढता येते. नातीने त्या रविवारी गावाचे नाव विचारून घेतले आहे, आणि शेताचा क्रमांक आठवतो का, असेही. तो आम्हांस आठवतो.