शिरड शहापूरला थांबताना

औंढा नागनाथचे दर्शन आटोपून वसमतकडे निघालात, की वाटेत शिरड शहापूर लागते. १९ वे तीर्थंकर मल्लिनाथ यांच्या जैन मंदिरासाठी येथे अवश्य उतरावे. वडीलधाऱ्यांना आडवे होता यावे म्हणून आपण कॅरव्हॅन घेऊन आला असाल, तर खरा नाजूक क्षण हा उतरण्याचाच. एक पाय पायरीवर, दुसरा अधांतरी. अशा वेळी गाडी वीतभर सरकली तरी तोल जातो.

म्हणून सपाट जागा पाहावी, हँडब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना पुढून-मागून दगड वा लाकडी ठोकळे लावावेत. जत्रेला येणारे जुने गाडीवानही हेच करीत. मगच आजींना हात द्यावा.

चोरीच्या धास्तीने आजोबांना राखणीसाठी बंद गाडीत बसवणे मात्र सर्वथा अनुचित. मराठवाड्याच्या उन्हात ती पाहता पाहता भट्टी होते. त्यापेक्षा स्टिअरिंगला कुलूप घालावे, किल्ली आणि औषधांची पिशवी जवळ बाळगावी (इन्शुलिन तर उष्णतेने निकामीच होते) आणि आजोबांनाही दर्शनाला न्यावे.

परतल्यावर सर्वजण स्थानापन्न झाले, चालकाने ब्रेकवर पाय ठेवला, की दगड काढावेत. ते रस्त्यावर मात्र सोडू नयेत. मागून दुचाकीस्वार येत असतात.