काळा पडदा आणि आपले ‘श्री’

बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमेलगतच्या खेड्यांत अलीकडे जुने संगणक वरचेवर आमच्या दृष्टीस पडतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नियमित आधार संपला. पुढच्या आवृत्तीच्या अटी अनेक जुन्या यंत्रांना झेपण्यासारख्या नाहीत. त्यामुळे शहरातून निवृत्त झालेली, परंतु अद्याप धडधाकट असलेली ही यंत्रे कोणा नातलगाच्या हाताने गावच्या देवळात, वाचनालयात किंवा शिकवणीच्या खोलीत येऊन दाखल होतात. त्यांवर लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली बसवून द्यावी आणि नवशिक्यांचा तिच्याशी परिचय करून द्यावा, हा उद्योग आम्ही काही स्नेही मंडळींनी हौसेने पत्करला आहे.

हा परिचय पुष्कळदा काळ्या पडद्यापासून सुरू होतो. प्रणाली बसवताना खेड्यातील इंटरनेट मध्येच तुटते आणि केवळ पायाभूत भाग बसून राहतो. किंवा डेस्कटॉप, म्हणजे चित्रे, खिडक्या आणि माउसचा बाण असलेला तो ओळखीचा देखावा, यंत्रात असूनही आपण होऊन उघडत नाही. मग समोर राहतो तो निव्वळ काळा पडदा. त्यावर पांढऱ्या रोमन अक्षरांत ‘लॉगिन’ एवढाच शब्द आणि त्यापुढे लुकलुकणारी एक रेघ. बिदरी भांड्यांच्या काळ्या अंगावरील चांदीची नक्षी पाहत वाढलेल्या आमच्या मंडळींना हा काळेपणा मात्र मुळीच रुचत नाही. ‘बिघडलं का हो हे?’ हाच पहिला प्रश्न असतो.

वस्तुतः काहीच बिघडलेले नसते. यंत्र केवळ नाव विचारीत असते. नाव लिहिले की ते परवलीचा शब्द विचारते आणि येथे नवशिका हटकून अडतो. कारण हा शब्द लिहीत असता पडद्यावर काहीच उमटत नाही, एक ठिपकासुद्धा नाही. मागे उभ्या असलेल्या माणसाने अक्षरे मोजू नयेत म्हणून केलेली ही योजना आहे. पण ज्याला ती ठाऊक नाही तो कळफलक बंद पडला असे समजून उठून जातो. जाणत्याच्या हे इतके अंगवळणी पडलेले असते की ते सांगण्याजोगे आहे, असे त्याच्या मनातही येत नाही. नवशिक्याला खरी गरज असते ती नेमकी अशाच गोष्टींची.

पुढचे काम थोडे आहे. डेस्कटॉप यंत्रात असेल, तर ‘स्टार्टएक्स’ हा एकच शब्द रोमन लिपीतील लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहावा आणि एंटर कळ दाबावी. त्यातील ‘एक्स’ म्हणजे अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८४ साली जन्मलेली एक्स विंडो प्रणाली. पडद्यावर खिडक्या उघडणे व चित्रे रेखणे हे तिचे काम. ‘अशी आज्ञा सापडत नाही’ असे उत्तर आले, तर देखावा अद्याप बसलेलाच नाही असे समजावे आणि इंटरनेट जोडून तो आणवावा. जुन्या यंत्राला एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप मानवतो. त्याच्यासोबत लाइटडीएम हा द्वारपाल बसवून घेतला, की पुढच्या वेळेपासून नाव विचारणारी चौकट आपोआप समोर येते आणि काळ्या पडद्याची गाठ सहसा पडत नाही.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? काळ्या पडद्यावरही पुष्कळ कामे होतात, जाणते लोक तर तीच वाट पसंत करतात. इंग्रजी वाचणाऱ्याच्या बाबतीत हे खरे आहे. आपल्या बाबतीत नाही. त्या पडद्यावर एका वेळी फार तर ५१२ चिन्हे मावतात आणि प्रत्येक चिन्ह आपल्या ठरीव चौकटीतच बसावे लागते. आपली अक्षरे अशी चौकटीत राहणारी नव्हेत. ‘कि’ची वेलांटी उच्चारात मागून येते आणि लेखनात पुढे जाते. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांत दोन वर्ण एकरूप होतात. कानडीत तर जोडाक्षराचा दुसरा वर्ण पहिल्याच्या खाली उतरतो. ही सारी रचना साधते ती डेस्कटॉप उघडल्यावरच. डेबियन या लिनक्सच्या जुन्या व प्रतिष्ठित परिवारात तर प्रणाली बसवतानाच हा भेद दिसतो. चित्रमय पद्धत निवडली तर भाषांच्या यादीत मराठी आणि कानडी आढळतात, साधी अक्षरी पद्धत निवडली तर दोन्ही नाहीशा होतात. ज्या वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिता येत नाही, त्या वहीत आपल्या देवळाचा हिशेबनीस काय लिहिणार?

असेच एक हिशेबनीस आम्हांला भालकी तालुक्यातील एका खेड्यात भेटले. वय सत्तरीच्या पुढचे, अक्षर मोत्यासारखे. देणग्या, अभिषेक आणि उत्सवाचा खर्च यांच्या वह्या त्यांनी आयुष्यभर मराठीत राखल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बीदर जिल्ह्याची वाटणी होऊन उदगीर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि भालकी, औराद म्हैसूर राज्यात आले. त्यांच्या घरात या वाटणीची खूण अशी उरली आहे की आजोबा मराठी लिहितात आणि कानडी शाळेत शिकणारी नात कानडी लिहिते. बोलताना दोघांचे काहीच अडत नाही. पण आजोबांच्या वह्या तिला वाचता येत नाहीत आणि तिची वही त्यांना. या वह्या पुढे कोणी चालवायच्या, ही त्यांची खरी चिंता होती.

डेस्कटॉप उघडल्यावर आम्ही त्यांना इनस्क्रिप्ट कळफलक दाखवला. भारतीय मानकात १९९१ साली समाविष्ट झालेली ही मांडणी उच्चारावर आधारलेली आहे. स्वर बहुतेक डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि सर्व प्रमुख भारतीय लिप्यांत एका ध्वनीला एकच कळ. योगायोग असा, की लिनक्सचा जन्म आणि जगातील लिप्यांना एकत्र आणणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती, या दोन्ही गोष्टी त्याच वर्षीच्या. कोकणी वाचकांना याचे मोल अधिक कळेल. गोव्यात देवनागरीत आणि कर्नाटकात बहुधा कानडी लिपीत लिहिली जाणारी त्यांची भाषा या एकाच बोटांच्या वळणाने दोन्ही लिप्यांत उतरते.

हिशेबनिसांनी एका बोटाने, शोधत शोधत चार कळा दाबल्या: श, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. पडद्यावर ‘श्री’ उमटले. मग नातीने कानडी कळफलक निवडला आणि खालच्या ओळीत त्याच चार कळा दाबल्या. तेथे कानडीतले ‘श्री’ उमटले. आजोबा दोन्ही ओळींकडे बराच वेळ पाहत राहिले. ‘म्हणजे बोटं तीच,’ एवढेच ते म्हणाले. दोन लिप्यांची वाचनाची अडचण या एका प्रसंगाने सुटली नाही, सुटणारही नाही. परंतु आता ते नव्या देणग्यांची यादी स्वतः लिहितात, नात शेजारी बसून तीच यादी कानडीत उतरवते, आणि अडलेला शब्द दोघे एकमेकांना तोंडी सांगतात.

या उद्योगात आम्ही स्वतःपुरता एक नियम घालून घेतला आहे. नवशिका कितीही अडखळला तरी माउस त्याच्या हातातून काढून घ्यायचा नाही. आपण करून दाखवले तर काम मिनिटभरात होते, पण आपण परतल्यावर यंत्रावर कापड पडते. म्हणून प्रत्येक ठिकाणी सुरुवातीच्या पायऱ्या मराठीत आणि कानडीत एका कागदावर लिहून आम्ही भिंतीला चिकटवतो. त्यातली पहिली ओळ अशी आहे: पडदा काळा दिसला तर भिऊ नये, तो आपले नाव विचारीत आहे.